एकच अर्ज, दोन नावे

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात रिचर्ड लापिएर नावाचे समाजशास्त्राचे एक प्राध्यापक होते. १९३० साली एका तरुण चिनी दांपत्याबरोबर त्यांनी मोटारीने अमेरिकेचा प्रवास आरंभला आणि पुढील दोन वर्षांत सुमारे दहा हजार मैल पालथे घातले. चिनी माणसाविषयी तेव्हा तिकडे फारसे बरे मत नव्हते. चिनी मजुरांना देशात पाऊल टाकण्यास मनाई करणारा १८८२ चा कायदा अद्याप जारी होता. या पाहुण्यांना कोणी खोली देईल की नाही, टेबलाशी बसू देईल की नाही, अशी धाकधूक लापिएरसाहेबांना वाटली तर नवल नाही. प्रत्यक्षात घडले ते निराळेच. अडीचशेहून अधिक हॉटेले आणि खाणावळी त्यांनी पाहिल्या. त्यांपैकी नकार मिळाला तो फक्त एका ठिकाणी!

दुसरा कोणी असता तर 'आपला समाज सुधारला' असे म्हणून स्वस्थ बसला असता. लापिएर बसले नाहीत. सहा महिने जाऊ देऊन त्यांनी त्याच सगळ्या मालकांना पत्रे टाकली: 'आपल्याकडे चिनी गिऱ्हाईक आल्यास आपण घ्याल काय?' एकशे अठ्ठावीस जणांची उत्तरे आली आणि त्यांतील शेकडा नव्वदांहून अधिक उत्तरे स्वच्छ नकाराची होती. ज्यांनी चिनी पाहुण्यांना पोटभर जेवू घातले होते, तेच लोक कागदावर 'छे, छे, कदापि नाही' म्हणत होते. १९३४ साली हा वृत्तांत प्रसिद्ध झाला. माणूस बोलतो एक आणि करतो दुसरे, हे आपल्या संतांपासून घरच्या आजीपर्यंत सर्वांना ठाऊक होते. परंतु ते मोजून दाखविणारा हा पहिल्या काही जणांपैकी एक.

आता माझ्यासारख्या मराठी शिकविणाऱ्या माणसाने चिनी दांपत्याच्या मागे कशाला लागावे, असे वाचकांना वाटेल. समाजशास्त्र हा माझा प्रांत नव्हे आणि गणिताशी माझे सख्य वार्षिक निकालापुरतेच आहे. पण त्याचे असे झाले. बी. ए. होऊन बाहेर पडलेला एक विद्यार्थी नोकरीचा अर्ज घेऊन माझ्याकडे आला. "सर, भाषा एकदा नजरेखालून घाला," म्हणाला. अर्ज उत्तम होता. दोन ऱ्हस्वदीर्घांपलीकडे मला त्यात काही सापडले नाही. कागद घडी करता करता त्याने सहज विचारले, "सर, आडनाव गाळलं आणि नुसतं माझं नि वडिलांचं नाव लिहिलं, तर चालेल का?"

त्याचे आडनाव असे, की ते ऐकताच त्याची जात कोणती आणि वस्ती गावाच्या कोणत्या बाजूला, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळावे. व्याकरणदृष्ट्या चालेल, एवढे मी त्याला सांगू शकलो. बाकीचे उत्तर देण्याची विद्या मला शिकविण्यात आली नव्हती. ते उत्तर पुस्तकांत असेल तर पाहावे म्हणून मी ग्रंथालयात गेलो, आणि पाहता काय, या एका प्रश्नाचा पिच्छा जगातील विद्वानांनी पन्नास वर्षांहून अधिक काळ पुरविलेला!

त्याची खरी सुरुवात इंग्लंडात सापडते. दुसरे महायुद्ध संपल्यावर तेथे माणसांची वाण पडली. गिरण्यांना, आगगाड्यांना, इस्पितळांना हात हवे होते. वेस्ट इंडिज बेटांतून, भारतातून, पाकिस्तानातून माणसे गेली. ती गेली आणि घरांच्या दारांवर 'काळ्यांना जागा नाही' अशा चिठ्ठ्या लागू लागल्या. १९६५ साली पार्लमेंटाने वंशभेदाविरुद्ध पहिला कायदा केला, पण तो हॉटेल, नाटकगृह, गाडी अशा सार्वजनिक ठिकाणांपुरताच. नोकरी आणि घर या दोन गोष्टी, म्हणजे माणसाचा जवळजवळ सगळा संसार, त्यातून वगळलेल्या होत्या. आमच्या इथे नोकरीत भेदभाव होतो याला पुरावा काय, असे विचारणारे पुष्कळ होते. त्यांतले कित्येक प्रामाणिकपणे विचारीत होते.

तो पुरावा गोळा करण्याचे काम डब्ल्यू. डब्ल्यू. डॅनियल या संशोधकाच्या देखरेखीखाली १९६६-६७ साली झाले. युक्ती अशी, की तीन माणसे तयार करावयाची. एक गोरा इंग्रज, एक वेस्ट इंडियन आणि तिसरा हंगेरीतून आलेला गोरा परदेशी. तिघांची पात्रता सारखी सांगावयाची आणि एकामागून एक त्यांना त्याच कारखान्यात, त्याच घरमालकाकडे, मोटारीचा विमा उतरविणाऱ्या त्याच कंपनीकडे पाठवावयाचे. या तिसऱ्या माणसात सगळी खुबी आहे. इंग्रज आणि वेस्ट इंडियन असे दोघेच पाठविले असते तर मालक म्हणाला असता, "रंगाचे आम्हाला काही नाही हो, पण हा परका पडला. याची भाषा, याच्या सवयी..." हंगेरियनही परकाच होता, त्याचेही इंग्रजी मोडकेतोडके होते. मग त्याला जे मिळाले आणि वेस्ट इंडियनाला जे मिळाले नाही, ती तफावत कशाची? हंगेरियन इंग्रजाहून थोडा मागे राहिला. वेस्ट इंडियन मात्र कित्येक पावले मागे राहिला. खोली पाहावयास गेला की ती 'आत्ताच गेलेली' असे, आणि मागाहून इंग्रज गेला की ती पुन्हा रिकामी होई.

त्या अहवालातील मला सर्वांत बोचलेली गोष्ट दुसरीच आहे. परदेशातून आलेल्या माणसांना 'तुम्हांला भेदभावाचा अनुभव आला का' असे विचारले, तेव्हा त्यांनी जितका सांगितला त्याहून या चाचणीत सापडलेला भेद जास्त होता. म्हणजे जे सोसत होते त्यांनाही आपण किती सोसतो याची कल्पना नव्हती. कशी असणार? 'जागा भरली' असे एखाद्या साहेबाने हसून सांगितले, तर ती खरोखरच भरली की नाही हे पाहायला कोण परत जातो? शिवाय अनेकजण जेथे नकार मिळण्याचा संभव तेथे जातच नसत. नकार देणाऱ्याचीही तीच तऱ्हा. एका वेळी त्याच्यापुढे एकच माणूस उभा असतो. त्या माणसात काही ना काही उणे सापडतेच, आणि आपण त्या उण्यामुळेच नाही म्हटले अशी त्याची खात्री असते. दोन्ही बाजूंची माणसे खरे बोलत आहेत आणि तरीही मधल्यामध्ये अन्याय होतो आहे, अशी ही चमत्कारिक गोष्ट आहे. तो दिसावयाचा तर सारखी माणसे शेजारी शेजारी उभी करूनच.

अहवालाचा उपयोग झाला. १९६८ च्या कायद्याने घर आणि नोकरी यांतला भेदभाव बेकायदा ठरविला. दारावरच्या चिठ्ठ्या गेल्या.

माणसे पाठविण्यात खर्च फार आणि एक सोंग दुसऱ्यापेक्षा चांगले वठले तर सगळाच घोटाळा. म्हणून लवकरच टपालाचा मार्ग निघाला. रॉजर जोवेल आणि पॅट्रिशिया प्रेस्कॉट-क्लार्क या दोघांनी १९७० साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या जातीचा. सारख्या योग्यतेचे अर्ज कारकुनी आणि वरच्या पांढरपेशा जागांसाठी धाडावयाचे, फरक फक्त नावगावाचा. ऑस्ट्रेलियनाला इंग्रजाच्या बरोबरीने बोलावणी आली. आशियाई माणूस पार तळाला गेला.

यात मालकांची फसवणूक नाही का? आहे. जो माणूस जगात नाही त्याचा अर्ज वाचण्यात कोणाचा तरी वेळ खर्ची पडतो. म्हणून बोलावणे आले की लगेच 'दुसरीकडे काम मिळाले, आभारी आहे' असे कळविण्याचा शिरस्ता संशोधकांनी पाळला आहे. मला स्वतःला ही लबाडी क्षम्य वाटते. वेषांतर करून नगरीत हिंडणाऱ्या राजांच्या गोष्टी आपण पोरांना कौतुकानेच सांगतो की!

पुढे या पद्धतीचा मोठा बोलबाला झाला तो अमेरिकेतील एका प्रयोगाने. मारियान बर्ट्रांड आणि आपले सेंधिल मुल्लइनाथन या अर्थशास्त्रज्ञांनी बोस्टन आणि शिकागो येथील सुमारे तेराशे जाहिरातींना जवळजवळ पाच हजार अर्ज पाठविले. अर्ध्यांवर एमिली, ग्रेग अशी गोऱ्यांत चालणारी नावे. अर्ध्यांवर लकीशा, जमाल अशी काळ्यांत चालणारी. २००४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. गोऱ्या नावाला दहा अर्जांमागे एक बोलावणे येत होते, काळ्या नावाला पंधरांमागे एक. नुसत्या गोऱ्या नावाची किंमत आठ वर्षांच्या जादा अनुभवाइतकी भरली. आणखी एक गोष्ट निघाली, ती शिक्षकांनी विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. अर्जदाराची योग्यता वाढविली, तर गोऱ्या नावाची बोलावणी चांगलीच वाढली; काळ्या नावाची फारच थोडी वाढली. आपण मुलांना सांगतो, 'बाबांनो, शिका, म्हणजे सगळे ठीक होईल.' ते खोटे नव्हे. पण सगळ्यांच्या बाबतीत सारखेच खरे नव्हे.

२००९ साली ब्रिटिश सरकारच्याच एका खात्याने असा प्रयोग करविला. ९८७ जागांसाठी प्रत्येकी तीन अर्ज गेले. ॲलिसन टेलर, नाझिया महमूद आणि मरियम नामागेम्बे ही त्यांतील तीन नावे. गोऱ्या नावाने नऊ अर्ज केले की एक होकारार्थी उत्तर येई. अल्पसंख्य वंशाच्या नावाने त्यासाठी सोळा करावे लागत. १९६८ चा कायदा होऊन तेव्हा चाळीस वर्षे उलटली होती. नऊ आणि सोळा यांतला फरक सात. सात अर्ज म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात पदवीधर मुलगा वर्ष-दीड वर्ष नोकरीवाचून बसला आहे त्यांना सांगावयास नको. सात वेळा दाढी करून पोस्टमनची, किंवा हल्ली फोनच्या घंटीची, वाट पाहावयाची. सात वेळा आईने 'लागेल हो' म्हणावयाचे.

येथपर्यंत वाचताना आपण तटस्थ आहोत असे वाचकाला वाटत असेल. हे गोऱ्या-काळ्यांचे भांडण, आपण लांबून पाहणार. पण कॅनडातील फिलिप ओरिओपोलस यांचा २०११ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग पाहा. टोरांटोमध्ये हजारो अर्ज गेले. त्यांत एका बाजूस इंग्रजी नावे होती आणि दुसऱ्या बाजूस चिनी, पाकिस्तानी आणि भारतीय. शिक्षण तेच, अनुभव तोच. इंग्रजी नावांना ३५ ते ४० टक्के अधिक बोलावणी! नोकरभरती करणाऱ्यांना कारण विचारले तर ते म्हणाले, भाषेची शंका येते. पण अर्जात भाषेची शंका दूर करणाऱ्या गोष्टी मुद्दाम घातल्या तरी त्यांचा पुरता उपयोग झाला नाही. आज आपल्या मध्यमवर्गीय घराघरांतली मुले टोरांटोला आहेत. इथे ज्या आडनावाने कुलवृत्तांतात आठ-दहा पिढ्या मिरविल्या, ते आडनाव तेथे गेल्यावर दहा दारांतली जवळजवळ तीन दारे लावून घेते. काहीजण मग युक्ती काढतात, संजयचा सॅम होतो. या युक्तीचीही २०१६ साली अमेरिकेत परीक्षा झाली. नावागावातला आणि छंदांतला आशियाईपणा पुसून धाडलेल्या अर्जांना शेकडा २१ उत्तरे आली, न पुसलेल्यांना साडेअकरा. 'आमच्याकडे सर्वांना समान संधी' असे जाहिरातीत छापणाऱ्या कंपन्या यात इतरांहून तसूभरही बऱ्या ठरल्या नाहीत.

आपले नाव पुसून दुसरे लावण्याची पाळी सातासमुद्रापलीकडे गेल्यावरच येते असे नाही. १९१७ साली परदेशातून उच्च शिक्षण घेऊन आलेले डॉ. आंबेडकर बडोदे संस्थानच्या नोकरीसाठी बडोद्याला उतरले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. शेवटी पारशी नाव नोंदवून ते एका पारशी सरायीत राहिले. गुपित फुटले आणि काठ्या घेतलेल्या दहाबारा माणसांनी त्यांना संध्याकाळपर्यंत जागा सोडण्यास बजावले. तेवढी हकीकत पुष्कळांना ठाऊक असते. मला तिचा उत्तरार्ध महत्त्वाचा वाटतो. ते गावातल्या दोन मित्रांकडे आसरा मागावयास गेले. दोघांपैकी कोणीही त्यांना 'नाही' म्हणाले नाही. एक म्हणाला, तू घरात आलास तर माझे नोकर सोडून जातील. दुसरा म्हणाला, बायको उद्या येणार आहे, तिला विचारून पाहतो. आंबेडकर काय समजायचे ते समजले. मुंबईची गाडी सुटेपर्यंत एका बागेत त्यांनी पाच तास काढले.

माझ्या त्या विद्यार्थ्याला खोली हवी होती म्हणून मी एकदा त्याच्याबरोबर गेलो होतो. जुना वाडा, दाराशी 'एक खोली भाड्याने देणे आहे' ही पाटी. मालकीणबाई अगत्यशील. मला पाहून त्यांनी खुर्ची पुसली, चहा ठेवला. मुलाचे शिक्षण विचारले, खाणे विचारले, 'मित्र फार येत नाहीत ना रे बाळ' असेही विचारले. सगळे जमले. मग कप उचलताना म्हणाल्या, "आणि आडनाव काय म्हणालास?" त्याने सांगितले. बाईंच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. "बरं बरं. यांना एकदा विचारते हं, आणि सरांना फोन करते." फोन आला नाही. पाटी महिनाभर तशीच होती. बाई दुष्ट होत्या असे मला आजही म्हणवत नाही. त्यांचा चहा चांगला होता.

एका वाड्यावरून सिद्धान्त मांडता येत नाही, हे खरे. म्हणून सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांचा २००७ सालचा प्रयोग पाहावा. सहासष्ट आठवडे वर्तमानपत्रांतल्या खाजगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना त्यांनी ४,८०८ अर्ज पाठविले. पात्रता सारखी, आडनावे मात्र काही उच्चवर्णीय हिंदूंची, काही दलितांची, काही नावे मुसलमानांची. उच्चवर्णीय नावाला बोलावणे येण्याचा संभव एक धरला, तर दलित नावाचा दोन-तृतीयांशाच्या आसपास आला आणि मुसलमान नावाचा एक-तृतीयांशाच्या. त्याच सुमारास सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांनी कंपन्यांच्या भरती-अधिकाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या होत्या. सगळ्यांचे म्हणणे एकच: आम्ही फक्त गुणवत्ता पाहतो. आणि उमेदवाराला काय विचारता, तर त्याची कौटुंबिक पार्श्वभूमी!

सगळीकडे असेच सापडते असे मात्र नाही आणि तेही सांगितले पाहिजे. दिल्लीतच झालेल्या आणखी एका प्रयोगात सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांत जातीमुळे काही फरक आढळला नाही. ज्या कामात संगणक चालला की नाही एवढेच पाहावयाचे, तेथे आडनावाला वाव कमी. कॉल सेंटरसारख्या, बोलण्याचालण्याच्या कामात फरक दिसला. शिवाय ही पद्धत फक्त पहिले दार पाहते. मुलाखतीत काय होते, पगार किती ठरतो, बढती कोणाला मिळते, हे टपालाच्या पाकिटातून कळत नाही.

माझ्या त्या विद्यार्थ्याला नोकरी लागली. त्याने आडनाव गाळले नाही. तेविसावा अर्ज लागला. आधीचे बावीस का गेले, हे त्याला ठाऊक नाही, मलाही नाही. ज्यांनी ते बाजूला ठेवले त्यांनाही बहुधा नसावे.

मग उपाय काय? नावच झाका, असे सहज सुचते. फ्रान्समध्ये ते करून पाहिले, तर उलटेच झाले: नाव झाकल्यावर अल्पसंख्यांची बोलावणी घटली. कारण या प्रयोगात आपण होऊन सामील झालेल्या कंपन्या आधीच उदार होत्या. अर्जात पडलेला खंड, कमी अनुभव, यांकडे त्या वस्तीचा आणि नावाचा विचार करून कानाडोळा करीत. नाव गेले तशी ती सवलतही गेली. याउलट ब्रिटनच्या २००९ च्या प्रयोगात, जेथे कंपनी स्वतःचा छापील फॉर्म भरून घेत होती, तेथे भेद जवळजवळ दिसला नाही. नावगावाचा कागद बाकीच्या फॉर्मपासून वेगळा काढता येण्याची सोय अशा ठिकाणी असते. अमेरिकेत अलीकडे ८३ हजार अर्ज पाठवून जो प्रचंड प्रयोग झाला, त्याचा २०२२ चा निष्कर्ष असा, की हुकलेल्या बोलावण्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना फक्त एक-पंचमांश कंपन्या कारण होत्या. आणि जेथे भरतीचे काम एका ठिकाणाहून चाले तेथे भेद कमी होता. म्हणजे सगळेच सारखे दोषी नाहीत.

आम्हा मास्तरांना नाव झाकण्याची विद्या फार जुनी आहे. विद्यापीठाच्या उत्तरपत्रिकेवर नाव नसते, बैठक क्रमांक असतो. ही सावधगिरी फुकट नाही. रेमा हॅना आणि ली लिंडन यांनी भारतातच शिक्षकांना तपासावयास उत्तरपत्रिका दिल्या आणि वरच्या पानावरची जात चिठ्ठ्या टाकाव्यात तशी कोणतीही घातली. २०१२ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की खालची जात लिहिलेल्या पत्रिकेला थोडे कमी गुण पडले. फरक लहान होता, पण होता. आणि तो करणाऱ्यांत मुख्यत्वे स्वतः खालच्या जातींतले शिक्षक होते. हे वाचून मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो.

अंतर्गत परीक्षेच्या वह्यांवर मात्र आमच्याकडे नावेच असत. गेल्या वर्षी आमच्या विभागाने तेथेही क्रमांक घालावयाचे ठरविले. पहिल्याच खेपेस दोन वह्यांचे क्रमांक उलटसुलट झाले, कारकुनांनी कपाळाला हात लावला आणि एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "अहो, अक्षरावरून ओळखतोच की आपण मुलं!" ते खरेच आहे. क्रमांक तरीही चालू आहेत. तोंडी परीक्षेचे काय करावे, यावर पुढल्या सत्रात बैठक आहे.